आबांची तपासणी

आमचे आबा कुणालाही भेटले की आधी त्याचा कान धरतात. पिळायला नव्हे, ताप बघायला. कानाच्या बुडाशी दोन बोटं लावायची, डोळे मिटायचे, मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं आणि मग "बरं हाय" किंवा "जरा कसकस हाय, आज गार पानी घिऊ नको" असं सांगायचं. नमस्कार-चमत्कार त्यानंतर. माझ्या लग्नात मी मांडवात पाया पडायला वाकले, तेव्हाही आशीर्वादाआधी माझा कान बघून झाला होता. माझ्या माहेरच्यांना वाटलं, इकडची काहीतरी रीत असावी. माझी मावशी तर पुढे झाली आणि तिने आपणहून कान दिला.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा होता ‘व्रणोपचारक’. हा शब्द त्यांना स्वतःला कधी धड म्हणता आला नाही. काम म्हणजे मलमपट्टी करायची, जनावर धरायचं, बाटलीने औषध पाजायचं, आणि साहेब फिरतीवर असले की आपणच साहेब व्हायचं. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण नेवाशाकडच्या आमच्या गावात त्यांना अजून सगळे ‘डागदर’च म्हणतात.

माणूस म्हणजे त्यांच्या लेखी दोन पायांचं, जरा जास्त कटकट करणारं जनावर. सकाळी चहाला बसलं की पहिला प्रश्न, "रातची रवंथ नीट झाली का?" पाहुणा जरा जुना असला तर पुढची चौकशी शेणाची. घट्ट का पातळ, रंग कसा. सुनील, म्हणजे माझा नवरा, एमआयडीसीत सुपरवायझर आहे, पंचेचाळिशीचा आहे, कारखान्यात त्याच्या हाताखाली माणसं आहेत. त्याच्याकडे बघून आबा चारचौघांत म्हणतात, "ह्याला घोडेगावच्या गुरांच्या बाजारात उभा केला तर संध्याकाळी परत आनावा लागंल. पाठ सरळ न्हाई, चाल ढिली." माणसांच्या डॉक्टरांबद्दल तर बोलायलाच नको. "पेशंट सोता सांगतो, हितं दुखतंय, तितं दुखतंय. त्यात कसली आली डॉक्टरकी? म्हस सांगती का?"

माझंही थोडं सांगते, कारण पुढे माझा संबंध येणार आहे. मी नगरला सावेडीत घरीच ब्लाउज शिवते. पुढच्या खोलीत मशीन, मागे संसार. तोंडाची फटकळ आहे, पण गिऱ्हाईक टिकून आहे, कारण माझी बाही चुकत नाही. घरात आम्ही दोघं, सहावीतली अन्वी आणि अन्वीचा लॅब्रेडोर टफी. टफीला जनावरांच्या डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगून वर्ष झालं होतं, आणि वर्षभरात त्याने आणखी चार किलो कमावले होते.

दिवाळीनंतर एका सकाळी गावाहून सिंधूबाईंचा फोन आला. सिंधूबाई म्हणजे आबांच्या शेजारीण. आबा गोठ्यात चक्कर येऊन पडले होते. सुनील होता तसा गाडी काढून गेला आणि दुपारपर्यंत त्यांना घेऊन आला. डोक्याला पट्टी, हातात पिशवी, आणि तोंड चालूच. दारात माझा कान, अन्वीचा कान, मग टफीचा. टफीपाशी ते जास्त वेळ थांबले.

"ह्याला काय झालंय?"

"काही नाही आबा, तो असाच आहे," अन्वी म्हणाली.

"आसाच म्हंजे? येवढ्या अंगाचा बैल दोन एकर नांगरतो." त्या दिवसापासून टफीचं नाव ‘पाव्हना’ पडलं, कारण तो काही करत नाही आणि जेवायच्या वेळेला बरोबर येतो.

दुसऱ्या दिवशी आबांचं रक्त तपासलं. शुगर चांगलीच चढलेली. सुनील घाबरला होता आणि तो घाबरला की मोठ्याने बोलतो. "आता गाव बंद," तो म्हणाला. "इथंच राहायचं. गाय विकून टाकू."

शुगर वाढल्याचं ऐकून आबांनी चहाचा घोट घेतला होता. ‘गाय विकू’ म्हटल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"हरनी गाभन हाय. पहिलारू हाय. दीड म्हैन्यानं वेनार हाय ती. आन् मी हितं गादीवर बसू?"

"सिंधूबाई आहेत की."

"सिंधूला ती कासंला हात लावू देत न्हाई. मी रोज हात फिरवून फिरवून सवय लावलीय. मी नसलो तर भेदरंल ती."

सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. त्या गेल्या त्याच वर्षी हरणी जन्मली. तेव्हापासून त्या घरात आबा आणि गोठ्यात हरणी, असे दोघंच. ते सुनीललाही माहीत होतं, पण डोक्याला पट्टी बांधलेला बाप समोर बसल्यावर त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. भांडण दोन दिवस चाललं. शेवटी मीच म्हटलं, डॉक्टर सांगतील ते दोघांनी ऐकायचं.

आमच्या डॉक्टर तरुण आहेत. आबांनी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांत निरखून बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमी आज दुपारी जेवलेल्या न्हाईत." खरंच जेवलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांचं आबांशी पहिल्याच भेटीत जमलं. त्यांनी तोड काढली. तीन आठवडे गोळ्या, रोजचं चालणं, गोड बंद. मग पुन्हा तपासणी. रिपोर्ट सुधारला तर आबांना घरी सोडायचं.

"लिव्हून द्या," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी हसत हसत चिठ्ठीच्या मागे लिहिलं, ‘रिपोर्ट चांगला आल्यास गावी जाण्यास हरकत नाही.’ खाली सही. आबांनी कागदाची बारीक घडी करून बनियनच्या आतल्या खिशात ठेवली, आणि सुनीलकडे असं बघितलं की त्याने मान दुसरीकडे वळवली.

तर असा आबांचा मुक्काम सुरू झाला. पहाटे सहाला ते टफीला घेऊन निघायचे. पहिले चार दिवस टफी गेटबाहेर आला की बसकण मारायचा. आबा त्याला ओढायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. त्याच्याशेजारी रस्त्यावर उकिडवे बसायचे आणि तो उठेपर्यंत तंबाखू न खाता नुसतेच बसून राहायचे. दुधाच्या गाड्या दोघांना वळसा घालून जायच्या. पाचव्या दिवशी टफी आपणहून उठला आणि कॉलनीला एक फेरी मारून आला. पंधरा दिवसांत फेऱ्या तीनवर गेल्या. आबा वाटेत इतर कुत्र्यांची शेणं, म्हणजे जे काय असतं ते, काठीने उलटून बघायचे आणि फाटकातून मालकांना सांगायचे, "ह्याच्या पोटात जंत हायेत." लोक आधी चिडले. मग गोळ्या देऊन बघितल्या. मग सकाळी सहाला आमच्या गेटपाशी दोन-तीन मालक कुत्री धरून उभे राहायला लागले.

माझ्या गिऱ्हाइकांचंही तेच. समोरच्या काळेकाकू माप द्यायला आल्या, तर मी टेप शोधतेय तोवर आबांनी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "आतनं पांढरट हाय. रक्त कमी हाय हिला." काकू माप न देता गेल्या. मी आबांना इतकं बोलले की मशीनवरचा दोरा तुटला. आठ दिवसांनी काकू परत आल्या. रक्त तपासलं होतं, खरंच कमी निघालं होतं. त्यांनी चार ब्लाउज टाकले आणि आबांच्या पाया पडल्या.

टेप मात्र मला हवी तेव्हा कधीच सापडायची नाही. ती आबांकडे असायची. त्यांना कशाला लागते, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. चूक माझीच.

संध्याकाळी साडेपाचला आबा गॅलरीत जाऊन सिंधूबाईंना फोन लावायचे. फोन कानाला न लावता तोंडासमोर धरायचे आणि इथून नेवाशापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "हरनी कशी हाय? खाती का? कास भरली का? खालनं काय चिकाट दिसतंय का?" खोलीत मापाला उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे बघायच्या. एकदा काळेकाकू होत्या. आबा आत आल्यावर त्यांनी मायेने विचारलं, "हरणीला कितवा?"

"नववा लागंल आता."

"पहिलंच ना?"

"पहिलंच. लई सोसती बिचारी. बोलत न्हाई."

"आणि नवरा काय करतो हो?"

"नवरा कुठला? दवाखान्यातनं करून घेतलंय."

माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या, मला बोलता येईना. काकू समजुतीने म्हणाल्या, "हल्ली बऱ्याच जणींना तसंच करावं लागतं. त्यात लाजायचं काही नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी डबाभर डिंकाचे लाडू आणून दिले. हरणीकडे पोचवा म्हणाल्या. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. डबा फडताळात वरच्या फळीवर ठेवून दिला.

तीन आठवडे झाले. तपासणी झाली. रिपोर्ट आला आणि शुगर जिथल्या तिथे. उलट थोडी वरच.

सुनीलने घरी येऊन पहिलं काय केलं असेल, तर फडताळातला डबा काढला. वीस लाडवांतले पाच उरले होते.

"आबा, हे काय?"

आबा कॉटवर बसले होते. त्यांनी डब्याकडे बघितलं, सुनीलकडे बघितलं. "खाल्ले आसतील मी," ते म्हणाले.

"आसतील म्हणजे?"

"खाल्ले. म्हातारा मानूस. लक्षात ऱ्हात न्हाई."

सुनील नको नको ते बोलला. गाय विकायचं पुन्हा काढलं, या वेळी गिऱ्हाइकाच्या नावासकट. मीही बोलले. दोन वेळ त्यांच्यासाठी बिनसाखरेचं वेगळं करत होते, ज्वारीची भाकरी थापत होते, मला राग येणार नाही तर काय. आबा जेवताना पानावरून लवकर उठले आणि टफीला घेऊन गॅलरीत बसले.

दुसऱ्या दिवशी मी कपडे भिजवायला घेतले. सवयीने सुनीलच्या पँटचे खिसे उलटे केले, तर हाताला चिकट लागलं. डिंक आणि खोबरं. दुसऱ्या पँटच्या खिशातही तेच. हा माणूस रोज सकाळी कारखान्यात जाताना फळीवरून लाडू उचलत होता आणि संध्याकाळी बापावर ओरडत होता. मी पँट हातात घेऊन तशीच आबांकडे गेले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोनदा बघितला की घेताना," आबा म्हणाले. "ल्हानपनापासनं डिंकाचा लाडू आवडतो त्याला. त्याची आई करायची. चारचौघांत काय सांगायचं, सोडून दे."

मला रडू आलं आणि रागही आला, कोणावर ते कळेना. मग डोक्यात आलं, की लाडू आबांनी खाल्ले नाहीत तर शुगर का उतरली नाही? मी विचारलं. आबांनी नजर चुकवली. जनावर खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसाला स्वतःला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी हळूच उशाखालून मलमाची एक रिकामी डबी काढून माझ्यापुढे केली. आत गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे. ब्लेडने अगदी मधोमध कापलेले. डबीखाली कॅलेंडरचं फाडलेलं पान, आणि त्याच्यावर हिशेब. छाती छत्तीस इंच, लांबी चोवीस.

गुरांच्या दवाखान्यात काटा नसतो. बैलाचं वजन टेपनेच काढतात, छातीचा घेर आणि अंगाची लांबी घेऊन. आबांनी माझी ब्लाउजची टेप घेऊन, स्वतःच्या छातीभोवती गुंडाळून, खांद्यापासून माकडहाडापर्यंत मोजून, बैलाच्या सूत्राने स्वतःचं वजन काढलं होतं. ते आलं सत्तेचाळीस किलो. डॉक्टरांच्या काट्यावर आलं होतं बासष्ट.

"ती डॉक्टरीन पंधरा किलोचं औषध जादा देतीय," आबा म्हणाले. "काटा स्प्रिंगचा हाय तिचा. औषध वजनावर आसतं, सुनबाई. म्हनून मी निम्मी घेतो. पाव कमी करायची हुती, पन पाव तुकडा ब्लेडनं नीट पडत न्हाई."

"आबा, तुम्ही बैल आहात का?"

"सूत्र काय फक्त बैलाचं न्हाई. म्हशीला बी चालतं."

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं, डबी पिशवीत टाकली आणि थेट डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर आधी डबी बघून हसल्या, मग कॅलेंडरचं पान बघून डोळे पुसेपर्यंत हसल्या. पण नंतर त्यांनी जे विचारलं, ते मला कधी सुचलं नसतं.

"आबा, तुम्ही गाईला औषध दिलं आणि मालकाने तुम्हाला न विचारता निम्मंच पाजलं, तर तुम्ही काय करायचात?"

"त्याला गोठ्याच्या भाईर काढायचो," आबा ताडकन म्हणाले. "म्हनायचो, जनावर तुझं आसंल, पन डागदर तू..." आणि मध्येच थांबले. त्यांनी टेबलावरची डबी आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, "तीन आठवडं परत द्या. आता गडी बदललाय."

हरणीला वेळ तेवढाच उरला होता.

त्या संध्याकाळी आबांनी अन्वीकडून जाड पुठ्ठा मागून घेतला आणि तिच्या सुवाच्य अक्षरात स्वतःचं कार्ड बनवून घेतलं, गुरांचं असतं तसं. ‘नाव: आबा. जात: गावठी. रंग: सावळा. वय: दातांवरून सांगता येत नाही, दात बसवलेले आहेत. स्वभाव: मारका.’ खाली रोजच्या रकाने. गोळी, चारा, चाल, शेण. टफीलाही एक कार्ड मिळालं. दोन्ही कार्डं फ्रीजवर लागली. गोळी आबा माझ्यासमोर घ्यायचे आणि तोंड उघडून जीभ वर करून दाखवायचे, कारण बैल गोळी जिभेखाली ठेवतो आणि नंतर थुंकतो, हे त्यांना ठाऊक होतं. सुनीलने न सांगता सकाळचं फिरणं सुरू केलं. लाडवांचं मी त्याला काही बोलले नाही. पँट धुऊन त्याच्या उशाशी ठेवली होती, खिसे बाहेर काढून. त्याला कळलं. तो आबांना काय म्हणाला मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते दोघे आणि टफी एका ओळीत चालताना दिसायला लागले. आबांचा शेरा आला, "चाल सुधारतीय. पाठीचं आजून बघावं लागंल."

तपासणीचा दिवस उजाडला. उपाशीपोटीचं रक्त देऊन झालं, नाश्ता झाला, आता दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं. आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यातल्याच लॅबच्या बाकावर बसलो होतो आणि सिंधूबाईंचा फोन आला. हरणी सकाळपासून उठबस करत होती. कास ताठ झाली होती, चारा सोडला होता.

सुनील उभाच राहिला. "चला आबा. राहू दे ते रक्त. गाडी काढतो."

मला वाटलं, आबा त्याच्या आधी गाडीत बसलेले असतील. ते जागचे हलले नाहीत.

"बस खाली," ते म्हणाले. "त्या बाईला शब्द दिलाय. तपासनी अर्धी सोडून मी जानार न्हाई. अर्ध्याचं काय हुतं ते बघितलं."

मग त्या लॅबच्या बाकावरून आबांनी दोन तास फोनवर बाळंतपण सांभाळलं. "सिंधे, तिच्या मागं उभी ऱ्हाऊ नको, लांब बस. पानी ठेव बादलीभर. खाली भुसा टाक, फरशीवर घसरंल. हात लावू नको म्हनतो ना. माझा आवाज ऐकव तिला, फोन कानाशी धर तिच्या. हरने, आलो गं, आलोच. भिऊ नको." बाकावर रक्ताला आलेली दहा-बारा माणसं होती. आधी ती चमकून बघत होती. अर्ध्या तासाने त्यांतली निम्मी विचारायला लागली, आता कसं आहे म्हणून. एक आजोबा तर आपला नंबर आला तरी उठेनात.

दुसरं रक्त दिलं. रिपोर्ट हातात आला. सुनीलने वाचला, मग परत वाचला, आणि माझ्या हातात दिला. उपाशीपोटीची नॉर्मल. जेवणानंतरची नॉर्मल. मी तो मोठ्याने वाचला आणि बाकावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर केबिनमधून बाहेर आल्या, त्यांनी आबांशी हात मिळवला. "जा तुम्ही गावी. अगदी माझ्या सहीने जा. आता सहा महिन्यांनी या."

"सहा म्हैनं?" आबा म्हणाले, आणि नुसतीच रिपोर्टची घडी करत राहिले. मला वाटलं, गाईच्या काळजीत असतील.

वाटेत शाळेतून अन्वीला घेतलं, घरून टफीला. गावात पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि गोठ्याभोवती निम्मी गल्ली जमली होती. वासराचे पुढचे दोन पाय बाहेर दिसत होते आणि हरणी डोळे पांढरे करून थरथरत उभी होती. आबांनी शर्ट काढून सुनीलच्या अंगावर फेकला, कोपरापर्यंत हात धुतले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "आलोय," एवढंच म्हणाले. मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते, तिचं थरथरणं थांबलं. पुढे दहा मिनिटं लागली. तिने कळ दिली की आबा ओढायचे, ती थांबली की थांबायचे. त्या दहा मिनिटांत त्यांच्या तोंडून शिवी नाही, आरडाओरडा नाही. आणि मग ओलंचिंब, लांब पायांचं वासरू भुशावर पडलं. आबांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, छाती चोळली, आणि ते शिंकलं.

"कालवड हाय," आबांनी जाहीर केलं.

गल्लीने जो काही कल्ला केला, त्याने टफी घाबरून माझ्या साडीत शिरला. सुनील बापाला मिठी मारायला गेला आणि दोघंही चिकट्याने माखले. आबांनी हात धुतले, शर्ट घातला आणि खिशातून रिपोर्ट काढून जमलेल्या लोकांना दाखवायला सुरुवात केली. "उपाशीपोटी बी नॉर्मल, जेवून बी नॉर्मल. बघा, वाचा." लोक आधी वासरू बघायचे, मग रिपोर्ट. सरपंचांनी दोन्हींचा फोटो काढला.

पाच वाजता आम्ही निघालो. अन्वीला दुसऱ्या दिवशी शाळा होती, माझे सहा ब्लाउज द्यायचे होते. सुनील गाडी वळवत होता. सिंधूबाई हरणीला गूळ-बाजरीचं घालत ओट्याखाली उभ्या होत्या. आबा माझ्या बाजूच्या काचेपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सुनबाई, ती डॉक्टरीन सहा म्हैनं म्हनली व्हय?"

"हो. सुटलात की तुम्ही."

"सहा म्हैनं लई हुत्यात. तिला सांगून म्हैन्यावर आनता येईल का?"

"कशाला, आबा? रिपोर्ट तर चांगला आलाय."

"चांगला आला हीच पंचाईत झाली," ते म्हणाले आणि पंच्याने गाडीची काच पुसायला लागले. काच स्वच्छ होती.

मला उशिरा कळलं, पण कळलं. सासूबाई गेल्यापासून आबा आमच्याकडे तीनदा आले होते. एकदा मोतीबिंदूला, एकदा दात बसवायला आणि आता हे. विनाकारण ते कधी आले नव्हते, आणि विनाकारण आम्ही कधी बोलावलंही नव्हतं. साठ किलोमीटरवर राहतो आम्ही. फोन केला की मी विचारायची, तब्येत कशी आहे, आणि ते बरी आहे म्हणाले की ठेवून द्यायची. मला स्वतःची फार लाज वाटली.

"आबा, आमच्याकडे यायला आजार कशाला लागतो?"

"तसं नव्हं. तुमी कामाची मानसं. आन् गावात विचारत्यात, डागदर कुठं चालला. तपासनीला म्हनलं की बरं आसतं. नुसतं पोराकडं बसायला चाललो म्हनून कसं सांगायचं?"

मी दार उघडून खाली उतरले. "पुढच्या रविवारी आम्ही इकडे येतो. आणि वासरू जरा हुंदडायला लागलं, हरणी रुळली, की महिन्याभराने तुम्ही यायचं. आठ दिवस राहायचं."

"काय झालंय म्हनून सांगू?"

"काही झालेलं नाही म्हणून सांगा."

आबांनी पंचा खांद्यावर टाकला. मग वळले आणि फोनवर बोलतात त्या आवाजात म्हणाले, "सिंधे, ऐकलंस का? पुढच्या म्हैन्यात आठ दिवस नगरला चाललोय. सुनंनं बोलावलंय. काय बी झालेलं न्हाई मला."

सिंधूबाई काही विचारायच्या आत ते तेच सांगायला पलीकडच्या ओट्याकडे निघाले.